डॉक्टर सायकलवर, मॅडम गाडीत

दोनशे किलोमीटर सायकल चालवायला पाय लागतात असं लोकांना वाटतं. साफ चूक. रविवार लागतात. आणि खानदेशात कुणाचाही रविवार त्याचा स्वतःचा नसतो, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी जळगावात दातांचा डॉक्टर आहे. सकाळी दहा ते दोन दवाखाना, संध्याकाळी पाच ते नऊ दवाखाना. मधल्या तीन तासांत जेवण, डुलकी आणि ‘दोनच मिनिटं डॉक्टर’ म्हणत घरी येणारे पेशंट. एक दिवसाआड पहाटे नळाला पाणी येतं, तेव्हा मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे खातं माझ्याकडे. बायको हायस्कूलला गणित शिकवते. मुलगी शिकायला पुण्यात. म्हणजे घरात माणसं दोनच, पण सोमवार ते शनिवार आमच्यात बोलणं म्हणून होत नाही, सूचना होतात. गॅस संपला. मोटर बंद करा. तुमचा डबा ओट्यावर आहे. खरं बोलणं व्हायचं ते रविवारी, गाडीत. कारण दर रविवारी आम्हाला कुठे ना कुठे जायचंच असतं.

ही गोष्ट मी दवाखान्यात सांगतो तेव्हा सायकलची म्हणून सांगतो. इथे खरं सांगतो. त्या पाच महिन्यांत बायको माझ्याशी बोलायची थांबली आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात झाली ती एका बालरोगतज्ज्ञामुळे. आमच्या सायकलवाल्यांच्या गटात जाहीर झालं की डिसेंबरात जळगावहून धुळ्याच्या थोडं पुढे जाऊन परत यायचं, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तू नको पडूस यात. तुला झेपायचं नाही.” मी जन्मात कधी असं ऐकून गप्प बसलेलो नाही. नाव तिथल्या तिथे दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग तयारीचा तक्ता मिळवला. पाच महिन्यांचा. आठवड्यात तीन दिवस तासभर आणि रविवारी लांबची फेरी. ती वाढत वाढत दीडशे किलोमीटरपर्यंत. तासभराचं मी जमवलं. मोटर चालू असताना गच्चीवर सायकल स्टँडला लावून जागच्या जागी पायडल मारत बसायचो. दोनदा टाकी वाहून गेली, खालच्यांची मिरची भिजली, शिव्या खाल्ल्या, पण जमवलं. घोडं पेंड खायचं ते रविवारी. तो तक्ता ज्याने बनवला त्याला नातेवाईक नसावेत. त्यात साखरपुडा नव्हता, टिळा नव्हता, मयतानंतरची गंधमुक्ती नव्हती, वास्तुशांत नव्हती. आमच्याकडे महिन्याला चार रविवार आणि पाच कार्यं असतात.

बायकोने परवानगी दिली, पण एका अटीवर. “सायकल चालवा नाहीतर विमान चालवा,” ती म्हणाली, “पण कुणाचं कार्य चुकवायचं नाही. तुमच्या आणि माझ्या दोन्हीकडच्या नातेवाईकांना मी एकटी तोंड देणार नाही.”

अट रास्त होती. आणि मला एकदम सुचलं. कार्यं आहेत कुठे? सावद्याला, पारोळ्याला, दोंडाईच्याला. म्हणजे चाळीस किलोमीटर, पन्नास किलोमीटर, शंभरच्या वर. हा तर तक्ताच झाला! मी सायकलवर पहाटे निघायचं, बायकोने माझे कपडे आणि आहेराची पिशवी घेऊन मागून गाडीने यायचं. कार्यही साधलं, सरावही साधला. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी एका पेशंटची दाढ काढताना गुणगुणत होतो. त्याला ते आवडलं नाही.

पहिलं कार्य सावद्याचं, तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न. मी सव्वानऊला पोचलो. अंगात घट्ट काळी चड्डी, पोपटी टी-शर्ट, डोक्यावर हेल्मेट. गाडी भुसावळच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकलेली आणि माझी पँट गाडीत. पाऊण तास मी मांडवाच्या दारात उभा होतो. वरपक्षाकडचे एक गृहस्थ घाईने आले आणि म्हणाले, “अरे, किती वेळ? जनरेटर तिकडे मागे आहे.” मी जाऊन जनरेटर बघितलाही. काय करणार, नवरदेवाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं?

रस्त्यावरची तर वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे ओळखीचा माणूस सायकलवर दिसला तर त्याला तसाच जाऊ देणं म्हणजे माणुसकी सोडणं. दर चार किलोमीटरला कुणीतरी मोटरसायकल आडवी घालायचं. “काय व्हयनं डाक्टर, गाडी बंद पडनी का? चला, बठा. गावलोंग सोडी देसू.” सायकलचं काय करणार विचारलं तर म्हणायचे, खांद्यावर धरा. मी व्यायाम करतोय म्हटलं की चेहरा पडायचा. एरंडोलच्या अलीकडे एका पेशंटने मला थांबवलं, भर रस्त्यात आ केला आणि आतली दाढ दाखवली. मीही हेल्मेट घालून वाकून पाहिली. कॅप सैल झाली होती. सोमवारी या म्हटलं. त्यात सात मिनिटं गेली, शिवाय मागच्या एसटीतले सगळे बघत होते ते वेगळंच.

पहिले दोन महिने मी जाताना सायकलवर आणि येताना सायकल मागच्या सीटवर कोंबून गाडीत यायचो. आता परतीचा प्रवास म्हणजे कार्याचा खरा गाभा. जेवणात वरण पातळ होतं की नाही, कोण कुणाशी बोललं नाही, कुणाच्या साडीवर कोण काय म्हणालं. बायको गाडी चालवता चालवता असं काही वर्णन करायची की दोन तास कसे गेले कळायचं नाही. त्यातूनच मध्येच शाळेचं यायचं, तिच्या आईच्या गुडघ्याचं यायचं, मुलीचं यायचं. पण आता मी सीट मागे टाकून पारोळ्याच्या वेशीबाहेरच घोरायला लागायचो, ते थेट जळगावात जागा व्हायचो. ऑक्टोबरात तक्त्यातले आकडे वाढले, तेव्हा मी परतही सायकलवरच यायला लागलो. जाताना ती एकटी, येताना ती एकटी.

घरात मोठी शांतता झाली. मला वाटलं, बायकोने मनावर घेतलं, मला साथ देतेय. सरावाच्या वहीत मी एकदा लिहूनसुद्धा ठेवलं: ‘घरून उत्तम सहकार्य.’

इकडे नातेवाईकांत काय शिजत होतं याची मला कल्पना नव्हती. बायको गाडीतून एकटी उतरते, नवरा अर्ध्या तासाने घामाघूम सायकलवर येतो. बायको एकटी जाते, नवरा सायकल ढकलत जातो. असं एकदा नाही, दर कार्याला. लोकांनी अर्थ लावला. दोंडाईच्याच्या वास्तुशांतीनंतर तर पक्कंच झालं. डॉक्टरचं आणि मॅडमचं बिनसलंय. मॅडम त्याला गाडीत घेत नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला असते. एखादी बातमी अक्काच्या कानावर गेली की ती बातमी राहत नाही, ठराव होतो. बरं, सख्खी बहीण, पण तिने मला फोन केला नाही. केला तो माझ्या बायकोला. “माहेरी जाऊ नकोस,” म्हणाली, “काही झालं तर माझ्याकडे ये. त्याला मी बघते.” आपलेच दात आणि आपलेच ओठ. बायकोने हे मला सांगितलं नाही, पुढे अक्काकडूनच कळलं. अर्थात सांगणार कधी? मी गच्चीवर होतो.

नोव्हेंबरात बायकोच्या काकांचं बोलावणं आलं. हे आबा पारोळ्याजवळ राहतात, घरचे सगळे त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. शेतात भरीत पार्टी आहे, दोघांनी या. मी म्हटलं झकास, पन्नास जायला, पन्नास यायला, मध्ये भरीत. पोचलो तर कपाशीच्या पऱ्हाटीवर वांगी भाजणं चालू होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळणं चालू होतं, सगळं नेहमीसारखं. फक्त माणसं कमी वाटली. आबा, त्यांच्या वयाचे गावातले दोघं, आणि अक्का. अक्का धुळ्याहून भरीत खायला पारोळ्याला येईल? ती तर वांग्याला हात लावत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी तेव्हा ताटाकडे बघत होतो.

जेवणं झाली, हात धुतले, आबांनी सतरंजीवर बसायला सांगितलं. समोर मी, थोड्या अंतरावर बायको, मध्ये चार मोठी माणसं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पार्टी नव्हती. ही बैठक होती! आमच्याकडे नवरा-बायकोचं फाटलं की कोर्टाआधी चार शहाणी माणसं अशीच बसतात. मी अशा दोन बैठकांना स्वतः शहाणा म्हणून गेलेलो आहे.

आबा घसा साफ करून म्हणाले, “जावईबापू, लपाडू नका. भांडण शे का तुम्हनं?”

मी उखडलो. अंगात तीच काळी चड्डी, त्यावर आबांचा टॉवेल गुंडाळलेला, अशा अवस्थेत मी त्यांना दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, हृदयाचे ठोके, सगळं समजावून सांगितलं. चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आबांच्या शेजारचे म्हातारबा म्हणाले, “म्हणजे धुळ्याला जायाचं आणि काही काम न करता परत यायाचं?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “आजाराचं काही औषध चालू शे का?”

अक्का म्हणाली, “हा लहानपणापासूनच असा आहे. तिला विचारा.”

आबा बायकोकडे वळले. “बेटा, तुनं काय म्हननं शे? बठ्ठं सांग, मनमा काही ठेवू नको.”

बायको हसली. मला हायसं वाटलं, वाटलं आता ती सांगेल की आबा, काही नाही हो, यांचं खूळ आहे. ती म्हणाली, “भांडण नाही आबा. भांडायला तरी दोघं एका ठिकाणी असायला लागतात.” सगळे हसले, मीही हसलो. मग ती म्हणाली, “शाळेत मला पर्यवेक्षिका करत होते. सप्टेंबरात विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं.”

मला हे माहीत नव्हतं.

“यांना विचारायचं होतं. वेळ वाढणार, शनिवारची दुपार जाणार, घरचं कसं जमवायचं ते दोघांनी ठरवायला हवं होतं. म्हटलं रविवारी गाडीत विचारू. एका रविवारी हे झोपले. दुसऱ्या रविवारी झोपले. तिसऱ्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं, तर नाही म्हणून दिलं.” आवाज अगदी सरळ होता. फळ्यावर गणित सोडवताना असतो तसा.

मी टॉवेल नीट करत बसलो. इतकी लाज मला त्या चड्डीचीसुद्धा कधी वाटली नव्हती. आबांनी थोड्या वेळाने निकाल दिला. सायकल बंद करायची नाही, घेतलेलं काम पुरं करायचं. पण येताना दोघांनी एकाच गाडीत यायचं आणि जावयाने झोपायचं नाही. अक्काला हे फारच सौम्य वाटलं, पण आबांच्या पुढे कोण बोलणार?

त्या दिवशी मी गाडीत आलो. टक्क जागा होतो. पन्नास किलोमीटर आम्ही दोघं समोरचा रस्ता बघत होतो. मी म्हणालो, “चुकलंच माझं.” ती म्हणाली, “झालं ते झालं.” पुढचे तीन रविवार असेच गेले. मी डोळे ताणून बसायचो आणि विचारायचो, आज वरण कसं होतं? ती म्हणायची, चांगलं होतं. अहो, बावीस वर्षांत या बाईने कुणाच्या वरणाला चांगलं म्हटलेलं नाही! ती रागावली असती तर मी समजू शकलो असतो. ती नुसती सभ्य झाली होती. पाहुण्यांशी बोलतात तशी माझ्याशी बोलत होती, आणि हे असंच राहिलं तर, या विचाराने मला भीती वाटायला लागली.

डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. थंडी होती, पाय चांगले चालले होते. धुळ्याच्या पुढे जाऊन वळलो, परत धुळ्याच्या बाहेरच्या हॉटेलपाशी हजेरीच्या कार्डावर शिक्का मारायचा होता, तिथे आलो तेव्हा माझ्या हातात वेळ चांगला होता. तिथे गाडी उभी. बायको अक्काकडे आली होती, अक्काने डबा दिला होता. “खाऊन घ्या आणि निघा,” ती म्हणाली. मी दहा मिनिटं धरली होती. बसायला बाहेर प्लॅस्टिकची खुर्ची होती, पण सहा तास सायकलच्या सीटवर बसलेल्या माणसाला प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही. मी गाडीत बसलो. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

दुसरा घास घेतला आणि विचारलं, “ती जागा भरली का?”

“भरली. दिवाळीनंतर.”

“तू मला सांगायला हवं होतंस.”

झालं. “कधी सांगायला हवं होतं?” ती म्हणाली. “तुम्ही केळीच्या ट्रकमागे पायडल मारत होतात तेव्हा? काच खाली करून ओरडायला हवं होतं?” मी म्हणालो, घरी सांगता आलं असतं. ती म्हणाली, घरी तुम्ही गच्चीवर असता. मी म्हणालो, मला उठवायचं होतंस. ती म्हणाली, “उठवलं होतं. तुम्ही ‘हं’ म्हणालात. त्या ‘हं’वर मी काय ठरवायचं?” मग मीही आवाज चढवला. तिच्या माहेरची कार्यं काढली, तिने अक्काचा फोन लपवला ते काढलं. तिने माझी दवाखान्याची वेळ काढली, भिजलेली मिरची काढली, सरावाच्या वहीतलं ‘घरून उत्तम सहकार्य’ काढलं. ती वही तिने वाचली होती! डबा डॅशबोर्डवर गार होत होता. बाहेरून माझ्या मागचे सायकलवाले शिक्के मारून एकेक करून पुढे जात होते, बालरोगतज्ज्ञसुद्धा गेला, जाताना काचेवर टकटक करून गेला. मी त्याला हातानेच जा म्हटलं.

मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “मला ती जागा हवी होती हो. खूप हवी होती.” आणि रडायला लागली. हे तिने आबांना सांगितलं नव्हतं, अक्काला सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. माझ्या हाताला भाजी लागलेली होती, तिने तो तसाच धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने तिने घड्याळाकडे बघितलं. पंचावन्न मिनिटं झाली होती. “आता उशीर होणार ना तुम्हाला?” मी म्हणालो, बघू. परत येताना वारा समोरून होता. पारोळ्यानंतर पाय संपले, एरंडोलनंतर जिद्दही संपली, नुसती सायकल चालत राहिली. साडेसातला पोचायचं होतं, मी सात बेचाळीसला पोचलो. नियमाप्रमाणे माझं नाव यादीत आलं नाही.

संयोजकांपैकी एक माझ्याच वयाचे होते. त्यांना फार वाईट वाटलं. “बारा मिनिटांनी गेलं हो डॉक्टर. पंक्चर झालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “बायकोशी भांडत होतो.”

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. तिकडे बायको गाडीची मागची सीट पाडून सायकलसाठी जागा करत होती. मी लंगडत गेलो, पुढच्या सीटवर बसलो, पट्टा लावला. दुपारी एक मुद्दा राहूनच गेला होता. तो मी गाडी सुरू व्हायच्या आत काढला.